तोतरेपणा पूर्ण जाईल का, लग्नाआधी सांगावं का, आणि सोलापुरात आपल्यासारखे कुणी आहेत का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याचं वय 27. घरात तेलुगू, बाहेर मराठी. लहानपणापासून बोलताना अडखळतात. काकांच्या टॉवेल-चादरींच्या होलसेल दुकानात बसतात, पण फोन वाजला की काहीतरी निमित्त काढून गोदामात जातात. 'हमखास बरं करून देतो' म्हणणाऱ्या एका शिबिराला जाऊन आले. महिनाभर छान गेला, मग पुन्हा तेच. घरात स्थळं बघणं चाललंय. ते विचारतात: हे कधी पूर्ण जाईल का? मुलीकडच्यांना आधी सांगावं का? पुण्या-मुंबईत अडखळणाऱ्यांचे गट असतात म्हणे, सोलापुरात कुणी आहेत का? आणि बहिणीचा चार वर्षांचा मुलगा गेले काही महिने अडखळायला लागलाय, घरातले म्हणतात मामाचं ऐकून शिकला. खरं आहे का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचा बोजा तुम्ही उगाच वाहताय. भाचा तुमचं ऐकून शिकलेला नाही. तोतरेपणा ऐकून लागत नाही. घराण्यात असतो हे मात्र खरं, पण तो रक्तातून येतो, सहवासातून नाही. त्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहिते.

आता तुमचं. पूर्ण जाईल का? तिशीच्या उंबरठ्यावर, इतकी वर्षं सोबत असलेला तोतरेपणा मुळापासून नाहीसा होण्याची शक्यता कमी असते. मी वाचा-उपचार करते आणि हे पहिल्याच भेटीत सांगते. काही जण तेवढं ऐकून उठून जातात. जे थांबतात त्यांच्याबरोबर पुढचं काम होतं, आणि ते काम थोडंथोडकं नसतं. अडकण्यातली झटापट कमी होते, मानेला-जबड्याला बसणारे हिसके जातात, अडकलेल्या शब्दातून सुटायला लागणारा वेळ घटतो. त्याहून मोठा फरक पडतो तो टाळाटाळ थांबल्यावर. तुमच्या पत्रात मला जास्त दिसली ती हीच. फोन वाजला की गोदामात जाणं हा तोतरेपणा नव्हे. तो लपवण्याचा खटाटोप आहे. आणि लपवण्याचा त्रास अडखळण्यापेक्षा जास्त असतो हे मी इतक्या जणांत बघितलंय की आता त्याबद्दल वाद घालत नाही.

मुळात होतं काय ते थोडक्यात. साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात हे सुरू होतं. शंभरातली पाचेक मुलं कधी ना कधी अडखळतात आणि त्यातली बहुतेक आपोआप सुधारतात. मोठ्यांमध्ये प्रमाण उरतं शंभरात एकाच्या आसपास. मोठ्या वयात बाईमागे चार पुरुष असं साधारण दिसतं. शब्द डोक्यात तयार असतो. ओठ, जीभ, स्वरयंत्र आणि श्वास यांना हुकूम पोचवणाऱ्या मेंदूतल्या साखळीची वेळ चुकते. 2010 साली अमेरिकी संशोधकांनी पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून जीएनपीटीएबी नावाच्या जनुकातल्या बदलांचा तोतरेपणाशी संबंध दाखवला. सगळ्यांचा तोतरेपणा त्या एका जनुकाने उलगडत नाही, पण 'लहानपणी कशाला तरी घाबरला म्हणून' या समजुतीला तेव्हापासून तरी रजा द्यायला हवी. भीतीने तो वाढतो, भीतीतून जन्मत नाही. जिभेखालची तार कापणं, मधातून वेखंड चाटवणं, तोंडात खडे धरून वाचायला लावणं, यातल्या कशानेही तो जात नाही. त्यावर मान्यता मिळालेलं औषधही नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: आयुष्यभर नीट बोलणारा मोठा माणूस अचानक अडखळायला लागला, तर तो वेगळा मामला आहे. तो लकव्याचा झटकाही असू शकतो. तिथे माझ्यासारखीची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

घरात तेलुगू, शाळेत मराठी, पेठेत कानडी, म्हणून पोराची जीभ गोंधळली, हे तर शहराच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात मला हमखास ऐकायला मिळतं. दोन-तीन भाषांनी तोतरेपणा येत नाही. त्यासाठी मुलाशी तेलुगू बोलणं बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. त्यात मुलाचं अडखळणं तसंच राहिलं, फक्त आजीशी बोलणं तुटलं.

शंभरात एक हा हिशेब आपल्या गावाला लावून बघा. 2011च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. म्हणजे ढोबळमानाने नऊ हजारांवर माणसं. शहरात नऊ हजार माणसं अडखळत असताना तुम्हाला वाटतं की आपल्यासारखे आपण एकटेच. कारण बाकीचेही आपापल्या गोदामात गेलेले असतात.

एक गृहस्थ माझ्याकडे यायचे, ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलते. चादरींच्या धंद्यात हयात गेलेली. पण 'चादर' हा शब्द ते उच्चारत नसत. 'च'वर अडायचं. जीभ टाळूला चिकटायची, मानेची शीर फुगायची, डोळे मिटायचे, आणि उजव्या पायाचा अंगठा चपलेत दाबला जायचा. म्हणून त्यांनी पंचवीस-तीस वर्षं वळसे शोधले होते: 'हे आपलं सोलापुरी', 'डबल बेडचं', 'जेकार्ड', 'ह्यातला निळा दाखवू?' गिऱ्हाइकाला कधी पत्ता लागला नाही. मालाची माहिती अफाट, बोलणं कमी, म्हणून बाजारात त्यांची 'भारदस्त माणूस' अशी ख्याती. ते पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, 'ताई, मी दिवसभर चादरी विकत नाही, दिवसभर शब्द चुकवतो. संध्याकाळी अंग मोडून जातं.'

त्यांच्याशी आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे उपचार कसा दिसतो याची तुम्हाला कल्पना येईल. पहिले काही आठवडे 'चादर' नीट म्हणायला शिकवलंच नाही. आरशासमोर बसून अडायचं, आणि अडताना काय काय होतं ते नुसतं बघायचं. जीभ कुठे दाबली जाते, श्वास कुठे कोंडतो, पायाचा अंगठा कधी दाबला जातो. अडताना स्वतःकडे बघणं हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. मग मुद्दाम अडायचं, म्हणजे जिथे सहज निघेल तिथेही 'च-च-चहा' असं स्वतःहून, हलकं. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण जी गोष्ट माणूस हौसेने करू शकतो तिची दहशत कमी होते. त्यानंतर सुटण्याची युक्ती: शब्दात अडकलोय हे कळलं की मागे फिरायचं नाही, शब्द बदलायचा नाही, जोर लावून फोडायचाही नाही. आहे त्या जागी जिभेचा दाब हळूहळू सैल करायचा आणि घसरत पुढच्या अक्षरावर जायचं. शब्द ओढल्यासारखा निघतो, पण निघतो. अमेरिकेत चार्ल्स व्हॅन रायपर नावाच्या वाचातज्ज्ञाने ही पद्धत रुजवली. तो स्वतः अडखळायचा. आज ते गृहस्थ 'चादर' म्हणतात. कधी सरळ, कधी ओढत. गिऱ्हाईक दोन्ही वेळेला चादर घेऊन जातं.

तुमच्या शिबिराचं काय झालं तेही यातून कळेल. तिथे बहुधा बोटाने ठेका धरून, एकेक अक्षर लांबवून, एका सुरात बोलायला लावलं असणार. तसं बोललं की जवळजवळ प्रत्येकाचं अडखळणं त्याच दिवशी थांबतं. त्यात चमत्कार नाही. गाताना, कोरसमध्ये, ठेक्यावर तोतरेपणा बहुतेकांना सोडून जातो. आपला जिल्हा पंढरपूरचा, तेव्हा हे तुम्ही स्वतः पाहिलं असेल: वारकऱ्यांच्या फडावर हरिपाठाला उभा राहिलेला माणूस सगळ्यांबरोबर सत्तावीस अभंग घडाघडा म्हणतो, आणि खाली उतरून चहावाल्याकडे 'एक कटिंग' मागताना अडतो. मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावात बोली पुकारणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे, तिथे त्याची जीभ सुरीसारखी चालते. घरी मोबाईलवर 'हॅलो' निघत नाही. तेव्हा शिबिराच्या शेवटच्या दिवशी स्टेजवर पोरं सफाईने भाषण करतात, आईवडील रडतात, व्हिडिओ निघतो, तो खोटा नसतो. फक्त तो ठेका भर दुकानात, समोर तीन गिऱ्हाइकं आणि दारात टेम्पो उभा असताना टिकत नाही. मग माणसाला वाटतं, आपलाच सराव कमी पडला. तुम्हालाही तेच वाटत असणार. नका वाटून घेऊ. इतक्या दिवसांत हमखास बरं करतो असं जो म्हणतो त्याच्याकडे पुन्हा फिरकू नका. वाचा-उपचार करणाऱ्याने बी.ए.एस.एल.पी. हा इंटर्नशिपसह चार वर्षांचा अभ्यासक्रम केलेला असतो आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्याची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. ज्याच्याकडे आहे तो हसत सांगतो. सोलापुरात वेळ जुळत नसेल तर व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या थेरपिस्टबरोबरही हे काम नीट होतं.

दुकानातला फोन. याला सरावच लागतो, पण उतरंड लावून. पहिल्या दिवशी उधारी मागणाऱ्या पार्टीला फोन लावायला जाऊ नका. मेडिकलच्या दुकानात फोन करून एखादं औषध आहे का विचारा. बसस्थानकावर फोन करून गाडीची वेळ विचारा. ज्यांच्याशी पुन्हा कधी संबंध येणार नाही अशी माणसं सरावाला सोन्यासारखी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, भरला की मी माझ्याकडच्या लोकांना स्टॉलवर पाठवते: भाव विचारायचा, आणि प्रत्येक ठिकाणी एकदा मुद्दाम अडायचं. समोरचा काय करतो ते बघून यायचं. बहुतेक सगळे एकच बातमी घेऊन येतात: समोरच्याने भाव सांगितला. बस.

काकांशी मात्र बोलावं लागेल. तुम्ही लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे की तुम्ही फोनवर अडलात की ते रिसीव्हर स्वतःच्या हातात घेतात, किंवा 'हळू बोल, दम घे, आधी विचार कर' म्हणतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण विचार तुम्ही केलेला असतो. शब्द तयार असतो. 'हळू बोल' म्हटलं की माणसाचं लक्ष काय सांगायचं यावरून कसं सांगायचं यावर जातं, आणि अडणं वाढतं. त्यांना एवढंच सांगा: मी अडलो तर माझ्याकडे बघत थांबा, माझं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. पार्टीसाठीही एक वाक्य तयार ठेवा, फोन उचलल्याबरोबर म्हणायचं: 'मी बोलताना अडखळतो, जरा वेळ लागेल, लाइनवर राहा.' हे वाक्य म्हणतानाही अडाल. चालेल, वाक्याचा पुरावाच मिळाला समोरच्याला. रोजच्या पार्ट्यांना एकदाच म्हणावं लागतं.

हेच वाक्य लग्नाच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. आधी सांगा, आणि स्वतः सांगा. मध्यस्थाकरवी नको, बायोडेटातल्या ओळीत नको. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशा फिरत असताना मुलीच्या वडिलांनी तुम्हाला विचारलं 'दुकान कुठे आहे', आणि उत्तर काकांनी दिलं, की समोरचे मनात नोंद करतात. मुलगा गप्प का? शिष्ट आहे, की घरात किंमत नाही? अडखळण्यापेक्षा या शंका वाईट. काकांना आधीच बजावून ठेवा की मला विचारलेला प्रश्न मला सोडा. मुलीशी वेगळं बोलायला मिळालं तर सरळ सांगा: लहानपणापासून आहे, फोनवर जास्त होतं, अमुक उपचार चालू आहेत, मला मध्ये तोडलं नाही की बरं पडतं. लपवून जमलेल्या लग्नात नवरा सहा-सहा महिने बायकोसमोर शब्द चुकवत फिरतो, हे मी बघितलंय. घरातसुद्धा लपायचं असेल तर माणसाने बसायचं कुठे?

मुलीकडच्यांकडून एक प्रश्न नक्की येईल, तोंडावर नाही आला तरी मध्यस्थामार्फत येईल: मुलांनाही होईल का? खरं उत्तर असं की शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, खात्री नसते. आणि ज्या मुलांना सुरू होतं त्यातली बरीच लहानपणीच सुधारतात, मुली मुलांपेक्षा जास्त. एवढं ऐकून कुणी नकार दिला तर तो नकार बैठकीआधीच कळला हे बरं झालं असं मी म्हणेन. हे तुम्हाला कोरडं वाटेल, पण माझं मत आहे.

आता गटाबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

देशात याची मोठी चळवळ आहे: द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, तिला 'टीसा' म्हणतात. स्वतः अडखळणारे डॉक्टर सत्येंद्र श्रीवास्तव यांनी 2008 साली ती उभी केली. 'बरं करणं' हा त्यांचा दावाच नाही. आहे ते स्वीकारून बोलत राहायचं, एकमेकांना आधार द्यायचा, हा त्यांचा पाया. मोठ्या शहरांत त्यांचे स्वयं-मदत गट आहेत, ऑनलाइन बैठका होतात, आणि देशभरचे लोक संमेलनाला एकत्र जमतात. ऑनलाइन बैठकीला तुम्ही याच आठवड्यात बसू शकता. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. आयुष्यात पहिल्यांदा दहा-बारा माणसं ओळीने अडखळताना ऐकणं, आणि कुणीच हसत नाही, कुणीच घाई करत नाही हे अनुभवणं, याला माझ्याकडच्या कुठल्याच तंत्राची सर नाही. मी थेरपिस्ट असून हे लिहितेय.

सोलापुरातही काही जण महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी बसतात. पाटी नाही, नाव नाही, फी नाही. कधी चार येतात, कधी नऊ. वाचनालयाची खोली मिळाली तर तिथे, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर. माझ्या क्लिनिकमध्ये भरवू नका असं मीच त्यांना सांगितलं, कारण तिथल्या खुर्चीवर बसलं की माणूस पेशंट होतो. मी बोलावलं तरच जाते आणि मागे बसते.

तिथे चालतं काय? आधी प्रत्येकाने नाव सांगायचं. हे बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल, पण स्वतःचं नाव हा सगळ्यांत अवघड शब्द असतो, कारण त्याला पर्याय नाही. चादरीला 'सोलापुरी' म्हणता येतं, स्वतःला दुसरं काय म्हणणार? नियम एकच, दुसऱ्याचा शब्द पुरवायचा नाही. कितीही वेळ लागो. नव्या माणसाला वाटतं शांतता असह्य आहे. दोन-तीन बैठकांनंतर त्याच्या लक्षात येतं की ती फक्त शांतता आहे. मग टेबलावर फोन ठेवून, स्पीकर लावून, खरे कॉल करायचे. एकदा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा मेडिकलला फोन लावत होता. 'पॅरासिटामॉल'च्या 'प'वर ओठ असे मिटले की समोरच्याने फोन ठेवून दिला. खोलीतले सगळे हसले, आणि तोही हसला, कारण प्रत्येकाचा फोन कधी ना कधी असाच ठेवला गेला होता. त्याने पुन्हा लावला. पुन्हा अडला. तिकडून दुकानदार म्हणाला, 'आवाज कटतोय भाऊ तुमचा, रेंज नाहीये वाटतं, बोला निवांत.' त्यावर पोरगं म्हणालं, 'र-र-रेंज आहे, मी अडखळतो.' दुकानदार म्हणाला, 'बरं बरं. पाचशेची का साडेसहाशेची?'

या बैठकांना बायका फार कमी येतात. प्रमाण मुळात कमी आहे, पण तेवढ्याने हे समजत नाही. मुलीचा तोतरेपणा घरातले दाबून ठेवतात, 'जास्त बोलू नको' म्हणतात, आणि ती 'लाजाळू' म्हणून खपून जाते. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर बोलवा, सोबत बहीण किंवा मैत्रीण आली तरी हरकत नाही.

गट कसा नसावा हेही सांगते. जिथे एक 'बरा झालेला' पुढे उभा राहून बाकीच्यांना शिकवतो तिथून उठा. जिथे तिसऱ्या बैठकीत कोर्सचं पत्रक हातात पडतं तिथूनही. आणि जिथे दर वेळी शाळेत कोण काय चिडवायचं याचीच उजळणी होते, 'काय रे, रेकॉर्ड अडकली का' वगैरे, तिथे एक-दोनदा मन मोकळं करा, पण मुक्काम ठोकू नका. सुरू करायला तीन माणसं पुरतात. 22 ऑक्टोबरला जागतिक तोतरेपणा जागृती दिन असतो, 1998पासून पाळतात. त्या निमित्ताने एखाद्या कॉलेजमध्ये तासभर बोलायला परवानगी सहज मिळते, आणि अशा कार्यक्रमानंतर जिन्यात कुणीतरी थांबून हळूच विचारतंच, 'तुमची बैठक कुठे असते?' माणसं अशीच जमतात.

सरकारी सवलतींचं विचारलं नाहीत, पण गटात हा विषय दर वेळी निघतो म्हणून दोन ओळी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वही आहे. पण त्याच्या व्याख्येत स्वरयंत्र काढलेले किंवा अफेझिया (मेंदूला इजा होऊन भाषा हरवणं) झालेले अशी उदाहरणं आहेत, तोतरेपणाचा नावाने उल्लेख नाही. तेव्हा प्रमाणपत्राच्या मागे वर्षं घालवू नका. तोंडी परीक्षेला किंवा मुलाखतीला जाणाऱ्याने आधी पत्र देऊन थोडा जादा वेळ मागावा. मागितला तर बऱ्याच ठिकाणी मिळतो, हा अनुभव आहे. आणि कुणाला यापायी जगणंच नकोसं वाटत असेल तर ते वाचा-उपचाराच्या रांगेत थांबवायचं काम नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तिथेही अडखळत बोललं तरी चालतं.

आता भाचा. चौथ्या वर्षी सुरू झालंय, मुलगा आहे, घरात मामा अडखळतो, आणि काही महिने उलटले. या चारही गोष्टी 'आपोआप जाईल, वाट बघू' या सल्ल्याच्या विरुद्ध जातात. आपोआप जायची शक्यता अजूनही चांगली आहे, पण या वयात उपचार सगळ्यांत जास्त लागू पडतात, म्हणून वाट बघत बसू नका. लहान मुलांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली लिडकम्ब नावाची पद्धत आहे. त्यात थेरपिस्ट आईला किंवा वडिलांना शिकवतो आणि ते घरी रोज थोडा वेळ मुलाबरोबर करतात. यूट्यूबवर बघून करू नका, त्यात कौतुक किती आणि कसं करायचं याचं माप असतं. पैशाची अडचण असेल तर राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. सिव्हिलला जाऊन शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करायला बहिणीला सांगा, किंवा कान-नाक-घसा विभागात विचारा.

तोवर घरात एवढं पाळा. तो बोलत असताना 'नीट बोल' म्हणायचं नाही. त्याच्या गोष्टीकडे बघायचं, अडण्याकडे नाही. आपण स्वतः जरा सावकाश बोलायचं, दोन वाक्यांत दम टाकायचा. मुलाला सावकाश बोलायला सांगण्यापेक्षा हे लागू पडतं. प्रश्नांचा मारा नको. 'शाळेत काय केलं, डबा संपवला का, बाई काय म्हणाल्या' हे एका दमात विचारलं तर मोठा माणूससुद्धा अडखळेल. पाहुण्यांसमोर 'कविता म्हणून दाखव' बंद. रोज पाच-दहा मिनिटं टीव्ही-मोबाईल बाजूला ठेवून त्याच्या आवडीचा खेळ, आणि बोलायची पाळी त्याच्या हातात. त्याने स्वतःहून विचारलं 'मला बोलता का येत नाही?', तर विषय उडवून लावू नका. 'कधी कधी शब्द अडतो, मामाचाही अडतो, आपण थांबू' एवढं पुरे.

आणि तुम्ही त्याच्यासमोर गप्प बसायला लागला असाल, आपलं ऐकून तो बिघडेल म्हणून, तर ते आजपासून सोडा. मामा अडखळत का होईना पण पूर्ण वाक्य बोलतो, हे त्याने ऐकायलाच हवं. अपॉइंटमेंट आधी त्याची घ्या. तुमची पुढच्या महिन्यात झाली तरी चालेल; बैठकीला मात्र पुढच्याच वेळेपासून या.